दोन क्रेडिटची तंदुरुस्ती

रसिकाने सत्तेचाळिसाव्या वर्षी बी.ए.ला प्रवेश घेतला, तो इतिहास शिकायला. लग्न होऊन नोएडाला आली तेव्हा पुण्यातलं कॉलेज अर्धवट राहिलं होतं. मग मुलगा झाला, त्याची शाळा, सासूबाईंचं आजारपण. मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला, तेव्हा तिने कुणाला न विचारता दिल्लीतल्या एका कॉलेजात अर्ज केला आणि यादीत नाव लागल्यावरच नवऱ्याला सांगितलं.

सुधन्वाला आनंद झाला. इतका झाला की रसिका जरा घाबरलीच. तो आयटी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता, आणि आपल्या देखरेखीशिवाय जगात काही नीट होऊ शकतं यावर त्याचा विश्वास नव्हता. संध्याकाळच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर त्याचा मेसेज झळकला, ‘आम्ही पुन्हा कॉलेज सुरू करतोय.’

पहिल्याच आठवड्यात रसिकाला कळलं की इतिहासाबरोबर ‘आरोग्य आणि तंदुरुस्ती’ नावाचा पेपरही सक्तीचा आहे. दोन क्रेडिटचा. तो सुटल्याशिवाय डिग्री नाही.

“म्हणजे सगळे मौर्य पाठ असले, तरी उठाबशा काढल्याशिवाय मला इतिहास आला असं धरणार नाहीत,” ती घरी येऊन म्हणाली.

“हे तू माझ्यावर सोड,” सुधन्वा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी नारिंगी बूट आले, नाडीचे ठोके मोजणारं घड्याळ आलं, कणकेच्या डब्याएवढा प्रोटीन पावडरचा डबा आला. रोज सकाळी दोघं सेक्टरच्या पार्कात जाऊ लागली. रसिका चाले, सुधन्वा बाकावर बसे. कुणीतरी मॉनिटर करायला हवं ना! घड्याळाचे आकडे त्याच्या मोबाइलवर दिसायचे.

“रसिका, हार्ट रेट खाली येतोय!” तो बाकावरून ओरडे.

“बुटाची नाडी बांधतेय मी!”

त्याचं स्वतःचं पोट शर्टाच्या बटणांशी गेली काही वर्षं भांडत होतं. पण त्याने जिमची वर्षभराची मेंबरशिप घेतलेली होती आणि तिचं कार्ड सतत पाकिटात असायचं. एवढ्यावर त्याचं समाधान होतं.

कॉलेजात हा पेपर तोमर सर शिकवायचे. मैदानावर कुठल्याशा वेलनेस महोत्सवाचा मंडप उभा होता, त्यामुळे तास वर्गातच होत. ‘बसून राहण्याचे दुष्परिणाम’ हा विषय सगळ्यांनी तासभर बसून ऐकला. अठरा वर्षांची मुलं मागच्या बाकांवर डुलक्या काढत होती. रसिका मात्र मन लावून सगळं उतरवून घेत होती.

प्रॅक्टिकल म्हणून सरांनी व्हिडिओ मागितला. घरातल्या एका माणसाबरोबर व्यायाम करायचा, तो सलग, न कापता चित्रित करायचा आणि रविवारी रात्रीपर्यंत पाठवायचा.

सुधन्वाने शनिवारची सकाळ ठरवली. कंपनीचं नाव छापलेला टी-शर्ट घालून तो पार्कात आला, स्टँडवर मोबाइल लावला आणि दिग्दर्शन सुरू केलं.

“कॅमेऱ्याकडे बघ. अगं, बघतेयस असं दिसू देऊ नकोस! आता सूर्यनमस्कार. कंबर अजून खाली. नाही, नाही. थांब, मीच करून दाखवतो.”

त्याने हात जोडले, वर नेले, मग खाली वाकून तळवे जमिनीला टेकवले. आणि तसाच राहिला.

“छान,” रसिका म्हणाली. “पुढे?”

“पुढे नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे वर येता येत नाहीये.” त्याचा आवाज गुडघ्यांच्या मधून येत होता.

रसिकाने आधी इकडेतिकडे पाहिलं. पार्कात हास्यक्लबाची मंडळी हात वर करून हसत होती; ती ह्यालाच हसताहेत की नेहमीसारखी, ते कळायला मार्ग नव्हता. मग तिने पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली, त्याच्या काखेत हात घातले आणि त्याला हळूहळू सरळ करू लागली. तो कळवळला.

“उठा हो बाबा, हळूहळू,” ती काकुळतीला येऊन म्हणाली. “जमेल. टाका माझ्यावर भार.”

त्याचा हात खांद्यावर घेऊन, जवळजवळ उचलूनच तिने त्याला फाटकापर्यंत नेलं आणि ई-रिक्षात बसवलं. मोबाइल स्टँडवर इमानेइतबारे सगळं टिपत राहिला. हास्यक्लबातल्या एका काकांनी तो मागाहून घरी आणून दिला.

डॉक्टरांनी सक्त विश्रांती सांगितली. रविवारी संध्याकाळी सुधन्वा उताणा पडला होता आणि रसिका शेजारी मोबाइल घेऊन बसली होती.

“डिलीट कर ते,” तो म्हणाला.

“दुसरा व्हिडिओ नाहीये. आणि आज शेवटचा दिवस आहे.”

त्याने मोबाइलकडे मान वळवायचा प्रयत्न केला.

“माझा चेहरा दिसतो त्यात?”

“फारसा नाही. बहुतेक वेळ पाठच दिसते.”

“मग पाठव.”

तोमर सरांनी तो व्हिडिओ वर्गातल्या भिंतीवर सगळ्यांना दाखवला. सुरुवातीला मुलं खिदळली. रसिका त्याला खांद्यावर घेऊन निघाली तशी गप्प झाली. दिवे लागले तेव्हा सरांचे डोळे ओले होते.

“बच्चो, इसको कहते हैं संस्कार,” ते म्हणाले. “इस उम्र में भी अपने बूढ़े पिताजी को कंधा देकर कसरत कराती हैं!”

रसिका ताडकन उठली. “सर, वो मेरे...”

“मुझे मालूम है. मराठी में पिताजी को बाबा ही कहते हैं.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या बाकावरची हरलीन तर रडतच होती. एवढ्या टाळ्यांत चूक दुरुस्त करायचं बळ रसिकाला आलं नाही, आणि पैकीच्या पैकी मार्क पडल्यावर तर तसा विचारही तिने पुढे ढकलला.

पण कॉलेजने तो व्हिडिओ आपल्या फेसबुकच्या पानावर टाकला. ‘वृद्ध पित्याची सेवा करणारी विद्यार्थिनी.’ सुधन्वाच्या ऑफिसातल्या एचआरच्या मुलीने तो ‘प्रेरणादायी’ म्हणून ऑफिसच्या ग्रुपवर पाठवला. टी-शर्ट कंपनीचा आहे हे तासाभराने कुणाच्या तरी लक्षात आलं, आणि माणूस कोण ते त्यानंतर लगेच.

सुधन्वाने त्या दिवशी फोन बंद करून ठेवला. रसिकाने घाबरत घाबरत त्याला सगळं सांगितलं. “उद्याच जाऊन सरांना खरं सांगते. ते आपल्या दोघांचा सत्कार करायचं म्हणताहेत.”

“शाल देणार?”

“देणार असतील.”

“भाषण?”

“दोन शब्द म्हणालेत.”

“राहू दे मग,” तो म्हणाला. “मीच येतो.”

पाठ बरी झाल्यावर तो सूट घालून, आतून कंबरदुखीचा पट्टा बांधून स्टेजवर चढला. नेतृत्वावर त्याने भाषणही तयार केलं होतं. प्राचार्याबाईंनी शाल पांघरली आणि माइक पुढे केला. “पिताजी, ऐसी बेटी पाकर आपको कैसा लगता है?”

सुधन्वाने सभागृहाकडे पाहिलं, मग रसिकाकडे. ती खाली मान घालून बसली होती. ऑफिसात शेकडो माणसांपुढे बोलणारा माणूस, पण त्याला भाषणातला एकही शब्द आठवेना.

“मैं पिताजी नहीं हूँ,” तो म्हणाला. “पति हूँ. उम्र पचास. उस दिन मैं इसको कसरत सिखा रहा था.”

मग हशा असा उसळला की मैदानावरच्या मंडपातले वेलनेसवाले पण डोकावायला आले. तोमर सर धावत आले आणि रसिकाच्या कानात म्हणाले, “मार्क्स वही रहेंगे. नियम में ‘परिवार का सदस्य’ लिखा है.”

परतताना मेट्रोला गर्दी होती. शाल घडी घालून काखेत धरलेल्या सुधन्वाला पाहून एक तरुण उठला. “बैठिए, अंकल.”

“तू बस,” सुधन्वा रसिकाला म्हणाला. ती बसली आणि पुस्तक उघडून वाचू लागली.

यमुना मागे पडल्यावर त्याने विचारलं, “मी खरंच एवढा म्हातारा दिसतो?”

“ओणवे असताना दिसता.”

अक्षरधामला शेजारची सीट रिकामी झाली. तो बसला नाही. दांडी घट्ट धरून, पाठ ताठ ठेवून, डब्याच्या प्रत्येक झटक्याला ओठ आवळत तो त्यांचं स्टेशन येईपर्यंत उभा राहिला. उतरताना मात्र त्याने हात पुढे केला. रसिकाने पानात बोट घालून पुस्तक मिटलं आणि दुसऱ्या हाताने तो धरला.