तिरपी वाफ

धाकटी हे तिचं घरातलं नाव. प्रयोगशाळेतही ते चिकटलं, कारण पहिल्याच आठवड्यात थोरली बहीण डबा द्यायला आली आणि तिनं दारातून हाक मारली. आता त्याला चार वर्षं झाली होती.

काम नाजूक. निर्वात पेटीत लोखंड तापवायचं आणि त्याची वाफ नखाएवढ्या स्फटिकाच्या चकतीवर बसू द्यायची. बसलेला थर केसाच्या चार हजाराव्या भागाइतका पातळ. मग ही फिल्म चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ठेवून दहा-दहा अंशांनी फिरवायची आणि प्रत्येक कोनात तिचं चुंबकत्व कसं उलटतं ते मोजायचं. एका दिशेला ते आडमुठ्यासारखं बसून राही आणि मग एकदम पालटे. ती त्याची आवडती दिशा. तिच्या काटकोनात मात्र ते मुकाट्यानं थोडं थोडं वळत जाई.

ही आवडती दिशा स्फटिकामुळे ठरते, असा सरांचा दावा होता. सर म्हणजे तिचे मार्गदर्शक. त्यांचा लेख तयार होता, त्यावर धाकटीचंही नाव होतं. तिला शंका होती ती लोखंड तापवणाऱ्या भट्टीची.

"मामा, भट्टी चकतीच्या बरोबर खाली नाहीये ना?" तिनं पंपमामांना विचारलं. पंप सांभाळणाऱ्या या तंत्रज्ञाला सगळे पंपमामाच म्हणत.

"पहिल्यापासून तिरपी आहे. खाली पंपाचं तोंड येतं. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

म्हणजे वाफ तिरपी येत होती, आणि आवडती दिशा त्या तिरपेपणानंही ठरू शकत होती. धाकटीनं चकती काटकोनात फिरवून नवी फिल्म केली. स्फटिकाचं खरं असेल तर दिशा चकतीबरोबर फिरायला हवी होती. ती फिरली नाही, वाफेशीच बांधलेली राहिली. तिनं आणखी दोन फिल्म केल्या. तेच.

सरांनी तिन्ही आलेख पाहिले आणि पालथे ठेवले.

"हे राहू दे. लेख परवा जातोय."

"मग माझं नाव काढा, सर."

"चार वर्षं राबलीस. नाव काढून काय मिळणार तुला?"

"काही नाही."

"पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, एवढंच सांगतो."

"मी वैर करत नाही. मोजलंय ते सांगतेय. मोजायला तुम्हीच शिकवलंत."

दुसऱ्या दिवशी यंत्राच्या वेळापत्रकातून तिचं नाव गायब झालं.

थोरली परिचारिका होती. भाजी निवडता निवडता तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तक्त्यात ताप नाही लिहिलं म्हणून पेशंटचा ताप उतरत नाही," ती म्हणाली. "पण पुढच्या नोकरीला शिफारस त्यांचीच लागणार ना? भीती नाही वाटत?"

"वाटते."

"मग?"

"मग काय, भीतीसकट बैठकीला जाईन."

लेख पाठवण्याआधी विभागाच्या बैठकीत सरांनी तो मांडला. धाकटी उठली. तिनं एवढंच विचारलं, "चकती फिरवली तर काय होतं, सर?"

"त्याची गरज नाही."

"मी फिरवली. तीनदा." तिनं आलेख टेबलावर मांडले.

विभागप्रमुख बाईंनी चष्मा पुसून ते एकेक करून पाहिले. "हातच्या काकणाला आरसा कशाला?" त्या म्हणाल्या. "सगळ्यांसमोर एक फिल्म होऊ दे. लेख तोवर थांबेल."

गुरुवारी सकाळी पंपमामांनी चकती फिरवून बसवली. दुपारी मोजमाप सुरू झालं आणि पडद्यावर वळणामागून वळण उमटू लागलं. नव्वद अंशांपर्यंत पोचायच्या आतच सर खोलीतून निघून गेले. दिशा जागची हलली नव्हती.

लेख सरांनी स्वतःच मागे घेतला. धाकटीला मात्र त्यांनी परत घेतलं नाही. "माझ्याकडे तुझ्यासाठी काम नाही," म्हणाले. बाईंनी तिला आपल्या गटात जागा दिली. तिथला विषय वेगळा होता, एक वर्ष पाण्यात जाणार होतं.

मार्गदर्शक बदलायचा अर्ज भरताना कारणाच्या चौकटीपाशी ती थांबली.

"वैयक्तिक कारण लिहा," कारकून म्हणाला. "सगळे तेच लिहितात."

"वैयक्तिक नाहीये." तिनं लिहिलं: मोजमापात आलेला निकाल दडपायला नकार दिला.

"एवढं मावत नाही त्यात."

"बारीक अक्षरात लिहिलंय," ती म्हणाली आणि खाली सही केली.