जरा लंगड ना

कासिल्दाच्या गावात रांग नावाची चीज डोळ्यांना दिसतच नाही. मासळीच्या दुकानात जा, दवाखान्यात जा, पोस्टात जा, दारातून आत शिरायचं आणि मोठ्यानं विचारायचं, "शेवटचं कोण?" कोपऱ्यातून कुणीतरी हात वर करतं, "मी!" झालं. आता शेवटचे तुम्ही. पुढचा माणूस येऊन विचारेपर्यंत तो मान तुमचा. मग खुशाल बाकावर बसा, बाहेर जाऊन सिगरेट ओढा, शेजारणीच्या सुनेची उणीदुणी काढा. तुमचा नंबर कुठे पळून जात नाही, कारण तो चार माणसांच्या लक्षात असतो. ज्याला उभं राहवत नाही त्याला उभं राहावं लागत नाही, आणि का बसलात म्हणून कुणी विचारतही नाही.

ही पद्धत आपल्यासाठी केवढी सोयीची आहे, हे कासिल्दा कुणाला सांगायला गेली नव्हती. तिचा आजारच तसला. मेंदूपासून पायापर्यंत निरोप नेणाऱ्या ज्या तारा असतात ना, त्यांच्यावरचं आवरण शरीर स्वतःच कुरतडून खातं, असं डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं होतं. वरून काही म्हणता काही दिसत नाही. चाळिशीची बाई, भरलेले गाल, ताठ मान. पण उन्हं वाढली की उजवा पाय हळूहळू तिचा राहत नसे. आधी मुंग्या यायच्या, मग जडपणा, मग काहीच नाही. गावात तिनं हे कुणालाच कळू दिलं नव्हतं. एकदा का बाई 'बिचारी' झाली की मरेपर्यंत बिचारीच राहते, हे तिनं आपल्या आईच्या बाबतीत पाहिलं होतं. नवरा व्हॅलेन्सियाला दुसरं घर थाटून बसलेला, त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. राहता राहिली हिमेना, तिची दहा वर्षांची मुलगी. तिला आजाराचं नाव माहीत होतं. शाळेत पाठ केलेल्या नद्यांची नावं माहीत असतात, तसं.

आणि अशा बाईनं जून महिन्यात, ऊन मी म्हणत असताना, जत्रेसारख्या गर्दीच्या त्या मोठ्या खेळबागेत कशाला जावं? तर हिमेनासाठी. पालकांची बस निघणार होती, वर्गातली सगळी पोरं जाणार होती, आणि लाकडी ओंडक्याच्या होडीतून धबधब्यावरून खाली कोसळायचं ते आईबरोबरच, असं हिमेनानं हिवाळ्यापासून ठरवून ठेवलं होतं. "आब्रिलची आई घाबरते," ती मैत्रिणीचं उदाहरण देऊन म्हणायची, "तू नाही घाबरत." आता यावर कुठली आई नाही म्हणेल?

फाटकापाशीच पहिली माशी शिंकली. पिशवी उघडायला लावली आणि बटाट्याचं आम्लेट घालून पहाटे बांधलेले पाव बाहेर काढले. घरचं खाणं आत चालत नाही म्हणे. आत गेल्यावर गारढोण, रबरासारखं सँडविच घ्या आणि त्याचे सोन्याचे भाव मोजा. कासिल्दानं दोन पाव तिथंच उभ्याउभ्या पोरीला भरवले आणि बाकीचे त्या पहारेकऱ्याच्या हातात ठेवले. "तुम्हीच खा," ती म्हणाली, "मीठ बरोबर पडलंय."

धबधब्याच्या रांगेला लोखंडी कठडे होते. नागमोडी, आणि वर छप्पर म्हणून काही नाही. कासिल्दानं ती रांग पाहिली. मग ती रांगेच्या टोकाशी गेली आणि सवयीनं विचारून मोकळी झाली, "शेवटचं कोण?"

फुटबॉलचा शर्ट घातलेल्या एका दांडग्या माणसानं मान वळवली. "मी. का?"

"काही नाही. मग तुमच्यामागे आम्ही," असं म्हणून ती हिमेनाला घेऊन पाईनच्या सावलीत बाकावर जाऊन बसली. तिच्या मते करार झाला होता. पंख्यानं वारा घेत, पायावर पाणी शिंपडत ती त्या शर्टावर नजर ठेवून राहिली. शर्ट होडीच्या जवळ पोहोचला तशी ती उठली, "होऊ का पुढे, जरा वाट द्या" करत कठड्यांतून आत शिरली आणि त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

जो काही गलका उठला! "ओ बाई, कुठे निघालात?" "आम्ही इथे काय शोभेला उभे आहोत?"

"मी यांच्यामागे होते. यांना विचारा ना," कासिल्दा म्हणाली.

"विचारलंत तुम्ही, मी सांगितलं," शर्टवाला म्हणाला. "शेवटी कोण आहे ते सांगितलं. तुमची जागा सांभाळायचा ठेका घेतला नव्हता. हे काय मासळीचं दुकान आहे?"

सगळे हसले. एवढी साधी गोष्ट, जन्मभर पाळलेली, आणि इथे तिचा खुळखुळा झाला. होडीवरच्या तरुण मुलीनं तिला हळूच बाजूला घेतलं. "ताई, काही त्रास असेल तर कचेरीत जांभळा पट्टा मिळतो. मनगटावर बांधला की बाजूच्या दारातून सोडतात."

कासिल्दाच्या पाकिटात अपंगत्वाचं सरकारी कार्ड होतं. मिळाल्यापासून तिनं ते कधी बाहेर काढलं नव्हतं. आज काढलं.

"पट्टा मुलीसाठी का?" कचेरीतल्या बाईनं विचारलं.

"मला."

बाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि कौतुकानं म्हणाली, "अगं बाई, वाटत नाही हो तुमच्याकडे बघून!" बिचारी चांगल्या मनानं बोलली. कासिल्दानंही चांगल्या मनानं आभार मानले.

पण बाजूचं दार म्हणजे रांगेच्या अगदी नाकासमोर. उन्हात तापलेल्या माणसांना दुसरं बघायला काय होतं? आई पुढे, मुलगी मागे, दोघी टुणटुणीत.

"हिला काय धाड भरलीय?" एकजण म्हणाला.

"वशिला असेल, दुसरं काय."

एक म्हातारी तर कठड्यावरून वाकून म्हणाली, "लाज वाटत नाही का गं? माझ्या नवऱ्याच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालीय, तरी उभा आहे. आणि पोरीला हेच शिकवतेस?"

कासिल्दाला खूप काही बोलता आलं असतं. पण असल्या ठिकाणी, शंभर माणसांसमोर, आपल्या नसांचं रडगाणं कुठून सुरू करायचं? तिनं हिमेनाकडे पाहिलं. पोरीचे कान लालबुंद झाले होते. ती आईपासून दोन पावलं लांब सरकली होती, जणू ही बाई आपली कुणी नव्हेच. ते मात्र कासिल्दाच्या जिव्हारी लागलं. म्हातारीचं काय, ती उद्या दिसणारही नव्हती.

दार उघडायला वेळ होता. दोघी झाडामागे जाऊन उभ्या राहिल्या.

"परत जाऊ या का?" कासिल्दानं विचारलं.

"नाही." हिमेना जमिनीकडे बघत होती. मग एकदम तिचे डोळे चमकले. "आई, तू जरा लंगड ना."

"काय?"

"थोडंसंच. म्हणजे कुणी बोलणार नाही. मी तुझा हात धरते. प्लीज, आई!"

कासिल्दानं पोरीच्या हातात हात दिला. आणि मग लंगडली. डाव्या पायानं लंगडली. डावा पाय चांगला होता. उजव्याची नक्कल करायची तिला भीती वाटली, उगाच त्याला आठवण कशाला करून द्या?

तोवर मघाची माणसं होड्यांतून निघून गेली होती, रांगेत नवी तोंडं होती. आणि काय सांगू, जादूची कांडी फिरवावी तसं झालं! माणसं बाजूला झाली. कुणीतरी गार पाण्याची बाटली पुढे केली. नव्या रांगेतली एक बाई हिमेनाच्या गालाला हात लावून म्हणाली, "किती सांभाळतेस गं आईला! देव तुझं भलं करो." हिमेना तर अशी काही रंगात आली की विचारू नका. "सावकाश, आई," "पायरी आहे हं, आई," असं तिचं चाललं होतं. वर्षभरात पोरीनं इतका वेळ आईचा हात धरला नव्हता. होडी धबधब्याच्या टोकावर क्षणभर थबकली तेव्हा हिमेना आनंदानं किंचाळली आणि तिनं आईच्या दंडाला मिठी मारली. कासिल्दाही किंचाळली. पण आतून ती फार एकटी होती. खऱ्या पायाला शिव्या बसल्या आणि खोट्या पायाला आशीर्वाद मिळाले, आणि ही गोष्ट जिला सांगून मन हलकं करावं ती शेजारीच बसून खिदळत होती.

ड्रॅगनच्या खेळापाशी लंगडली, भुतांच्या घरापाशी लंगडली. दुपार कलली तरी डांबर निवलं नव्हतं, आणि तोवर उजव्या पायातल्या मुंग्या थांबल्या होत्या. मुंग्या थांबणं ही चांगली खूण नव्हती.

बसच्या तळावर सहलीची मुकादम, म्हणजे आब्रिलची आई बेगोन्या, बसच्या दारात उभी राहून माणसं मोजत होती. मनानं वाईट नव्हती, पण तोंडाला कुलूप नव्हतं.

"या, या, राणीसाहेब!" ती लांबूनच ओरडली. "आम्ही तिकडे उन्हात पापड होतोय आणि तुम्ही बाजूच्या दारातून आत! पाहिलं हो मी. कुणाचा वशिला लावलास, कासिल्दा? आम्हालाही सांग की!"

बसच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. सगळी गावातली, सगळी ओळखीची. कासिल्दानं पट्ट्याचं मनगट पाठीमागे लपवलं. ती तळाच्या कडेला कठड्यावर टेकली होती आणि आता उठायचं कसं या विचारात होती.

हिमेनानं क्षणाचाही वेळ लावला नाही. "आईचा पाय मुरगळला होता!" ती ओरडली. "आता बरा झालाय!"

"अरेच्चा, मग ठीक," बेगोन्या म्हणाली. "चला, बसा लवकर, ड्रायव्हर कुरकुरतोय."

कासिल्दा उठली. उजवा पाय टाकला, पण तो जमिनीवर पडला की हवेत राहिला हे कळायला तिला खाली बघावं लागलं. दुसरं पाऊल मांडीतून उचललं, तिसरं फरपटलं.

"आई," हिमेना ओठ न हलवता म्हणाली, "आता नको ना. बरा झाला म्हणून सांगितलंय मी."

कासिल्दा पुढचं पाऊल टाकत होती. तिचा सगळा जीव त्या पायात गोळा झाला होता.

"आई! सगळे बघतायत. आणि पायही चुकलाय तुझा. मघाशी डावा होता."

कासिल्दाला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. ओरडून सांगावं असं वाटलं तिला, की बाई गं, हाच तो, हाच खरा पाय, दिवसभर ज्याला मी तुझ्यापासून लपवून वागवलं तो हाच. पण खिडक्यांत सगळं गाव बसलं होतं. ती दात आवळून जमेल तेवढी सरळ चालत राहिली. बसच्या दाराची दांडी हाताला लागली तेव्हा तिचा श्वास परत आला.

हिमेना बरोबर नव्हती. कासिल्दानं मागे वळून पाहिलं.

पोरगी तळाच्या मधोमध उभी होती. तिच्यासमोर डांबरावर आईची उजव्या पायातली चप्पल पडली होती. हिमेनानं खाली वाकून डांबराला तळहात लावला आणि चटका बसल्यासारखा झटकन मागे घेतला. मग चप्पल उचलून ती सावकाश चालत आली.

"आई, तुला कळलं नाही?"

"काय?"

"चप्पल. केव्हाची निघालीय."

कासिल्दानं खाली पाहिलं. पाय अनवाणी होता, तळवा काळा झाला होता, टाच लाल.

"नाही गं," ती म्हणाली. "नाही कळलं."

"भाजत नाहीये?"

"नाही."

"आता काय झालं?" बेगोन्यानं वरून विचारलं. "पाय बरा झाला ना तिचा?"

मघाशी झटकन उत्तर देणारी हिमेना आता आईच्या टाचेकडेच बघत होती. शेवटी कासिल्दाच म्हणाली, "झाला, झाला. चला."

आब्रिलनं मागच्या बाकावर मैत्रिणीसाठी जागा धरली होती, हाका मारत होती. हिमेना गेली नाही. ती आईशेजारी खिडकीकडे बसली, चप्पल मांडीवर ठेवून. बस निघाली, मागे गाणी सुरू झाली, टाळ्या सुरू झाल्या. एका माणसाला तरी कळावं असं कासिल्दाला किती महिने वाटत होतं. आता कळलं होतं, आणि तिला ते परत काढून घ्यावंसं वाटत होतं. दहा वर्षांच्या पोरीनं आणखी थोडे दिवस तरी ते नाटकच समजायला हवं होतं.

"दे ती चप्पल," ती हळूच म्हणाली.

"राहू दे माझ्याकडे." हिमेना काचेतून बाहेरच बघत होती. मग तिनं विचारलं, "डावा तरी खोटा होता ना?"

"हो, बाळा. डावा अगदी ठणठणीत आहे."

हिमेनानं मान हलवली आणि चप्पल दोन्ही हातांनी धरून बसली.