खाचरातलं तांबं

रंगूबाईच्या खाचराच्या बांधावर सारा गाव लोटला होता. जोतिबा भगतानं हरणाबाईचं खुरपं मडक्यातल्या निळ्या तीर्थात बुडवलं, काहीबाही पुटपुटला, दोन उड्या मारल्या आणि खुरपं वर काढलं. पातं लालभडक! बायकांनी पदर तोंडाला लावले.

“रगात!” भगत गरजला. “हिनं देव सोडलं, बुद्धाची झाली. म्हून देवी आई कोपली, रंगूबाईचं भात खातीया. पाप्याचंच लोखंड रगात वकतं! तोडा हिचं पाणी!”

हरणाबाईचं खाचर शेजारचंच. पाणी तुटलं तर तिचं वर्षाचं भात गेलंच म्हणायचं.

“आमी कुणाचं वाईट केलं न्हाई,” ती म्हणाली. पण ऐकतो कोण!

रंगूबाईचे भाऊ आप्पासाहेब तासगावहून शिराळ्याकडच्या त्या गावी बहिणीला भेटायला आले होते. मडक्यातला निळा रंग पाहताच त्यांना शिसारी आली. द्राक्षांवर फवारायला दर हंगामात ते हेच मोरचूद कालवत, आणि तेही लोखंडी बादलीत कधीच नाही. मोरचुदातलं तांबं लोखंडावर चढतं, हे बागेतल्या प्रत्येक गड्याला ठाऊक असतं.

“रंगू, हे तीर्थ वततोय कुठं ह्यो?”

“पाटाच्या तोंडाला, दादा. रोज सकाळी. भात जरा पिवळं पडलं म्हून ह्याला बोलावला, तर लयच जळालं बघा. पाप मोठं हाय म्हणतोय.”

आप्पासाहेब पुढं झाले. “भगता, आता तुझं लोखंड बघू.”

भगतानं चिमटा पाठीमागं लपवला. त्यांनी तो हिसकावून मडक्यात खुपसला आणि वर काढला. चिमटाही लालभडक!

“काय रं, तुझं पाप कुठलं?”

भगत मागं सरकला. आप्पासाहेबांनी पाटाच्या तोंडाचं एक रोप उपटलं. मुळं आखूड, तपकिरी. मग लांबच्या कोपऱ्यातलं उपटलं. मुळं पांढरी, लांबसडक.

“हे तीर्थ न्हाई, मोरचूद हाय. त्यातलं तांबं मातीला धरून बसतं, पाण्यासंगं वाहून जात न्हाई. रोज वतलं, रोज साठलं. मुळं खुंटली, पानं करपली. भात आईनं न्हाई, ह्या मडक्यानं खाल्लं!”

भगत गर्दीतून कधीच पसार झाला होता. लोक माना खाली घालून पांगू लागले. हरणाबाईशी कुणी अवाक्षर बोललं नाही.

“त्याची किळस आली,” आप्पासाहेब ओरडले, “पर तुमची जास्त येतीया!”

हरणाबाईनं बांधावरच्या मातीनं खुरपं खसाखसा घासलं. लाल पुट निघालं. ती आपल्या खाचरात जाऊन भांगलायला बसली.

भगत गेला, पण रंगूबाईच्या मातीतलं तांबं गेलं नाही; ते पुढची कैक वर्षं तिथंच राहायचं. म्हणून बाबांनो, चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी, आणि कुणा बाईकडे बोट दाखवायच्या तर कितीतरी आधी, एवढंच विचारा: मडक्यात काय आहे?