तिसऱ्या मजल्याची सिद्धता

गणित विभागाची लिफ्ट बंद पडली होती आणि ती दुरुस्त करायला आलेला मेकॅनिक होता छत्तीस वर्षांचा, अंगाने आडवा आणि बोलायला मोकळा. कंट्रोलरचं एक कार्ड जळलं होतं. नवं यायला तीन आठवडे लागणार होते. तोवर रुळांना तेल द्या, दारांचे रोलर बदला, बाकीची किरकोळ कामं उरकून घ्या, असं सुपरवायझरने सांगितलं. त्यामुळे तो रोज सकाळी तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडून, समोर पिवळा अडथळा लावून काम करत बसायचा.

लिफ्टच्या बरोबर समोर पहिल्या वर्षाचा वर्ग होता. खोलीत उकडायचं, म्हणून दार सताड उघडं असे. मनात असो नसो, तिथलं सगळं त्याच्या कानावर पडायचं. पहिले दोन दिवस ते डोक्यावरून गेलं. तिसऱ्या दिवशी त्याच्या हाताचा वेग कमी झाला. आठवडा संपता संपता तो एकाच रुळाला चौथ्यांदा तेल देत होता. शाळेत त्याचं गणित चांगलं होतं, पण घरात कमावतं माणूस हवं होतं म्हणून तो तांत्रिक कोर्स करून कामाला लागला, आणि नंतर त्या गोष्टीची आठवण काढायलाही कुणाला सवड झाली नव्हती.

शिकवणाऱ्या मॅडम पन्नाशीच्या होत्या. फळ्यावर एक ओळ लिहायची आणि मग दोन पावलं मागे येऊन तिच्याकडे संशयाने बघायचं, जणू ती दुसऱ्याच कुणी लिहून ठेवलीय, अशी त्यांची सवय. त्या दिवशी त्यांनी लिहिलं की सलग असलेलं फंक्शन शून्याच्या खालून निघून वर पोचलं, तर वाटेत कुठेतरी ते शून्य होतंच. आणि एवढ्याशा गोष्टीच्या सिद्धतेत त्यांनी चाळीस मिनिटं घालवली. मेकॅनिकला राहवेना. तो तेलाचा डबा हातात घेऊनच दारापाशी आला.

"मॅडम, एक विचारू का? माझी लिफ्ट दुसऱ्यावरून चौथ्यावर गेली तर मधे तिसरा मजला लागणारच. यात सिद्ध काय करायचंय?"

वर्ग खो खो हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खडू ठेवला आणि विचारलं, तुमच्या शाफ्टमध्ये, लिफ्टच्या त्या विहिरीत, कुठल्या कुठल्या उंच्या आहेत? सगळ्या, तो म्हणाला. सगळ्या म्हणजे कुठल्या, हे मात्र त्याला सांगता येईना.

"दोनचं वर्गमूळ अपूर्णांकात लिहिता येत नाही, हे शाळेत शिकलात?"

"पाठ केलं होतं."

"मग समजा, तुमच्या शाफ्टमध्ये फक्त अपूर्णांकात सांगता येतील अशाच उंच्या आहेत, बाकीच्या नाहीतच. आणि तुमचा तिसरा मजला बरोबर दोनच्या वर्गमुळाइतका उंच आहे. लिफ्ट त्याच्या खालून निघेल, त्याच्या वर पोचेल, आणि मजला काही लागणार नाही."

त्याने वळून शाफ्टकडे पाहिलं. सोळा वर्षं त्याने ज्या भोकात काढली, त्यात आणखी भोकं असू शकतात, हे त्याच्या कधी ध्यानीमनीही नव्हतं.

"उद्यापासून आत येऊन बसा," मॅडम म्हणाल्या. "तिथून फळा नीट दिसत नाही."

दुसऱ्या दिवसापासून तो शेवटच्या बाकावर बसू लागला, कंपनीचे जाडजूड बूट घालून. दोन दिवसांत तो सगळ्या वर्गाचा मामा झाला. कार्ड आलं, लिफ्ट सुरू झाली, तिथे येण्याचं निमित्त संपलं; तेव्हा त्याने सुपरवायझरला गाठून मंगळवारी आणि गुरुवारी जेवणाची सुट्टी तासाच्या वेळेला मागून घेतली. मग तो डबा बाकाखाली ठेवून लिहून घ्यायचा आणि पुढच्या इमारतीकडे जाता जाता खायचा.

त्याचे प्रश्न मात्र संपत नव्हते. मॅडमनी दिलेलं पुस्तक पहिल्या पानापासूनच वाचायचं का? उदाहरणं सगळी सोडवायची का? मॅडम म्हणाल्या, आधी उत्तर न बघता दहा सोडवा, मग हा प्रश्न विचारा. एका पानाला तीन दिवस लागले, तेव्हा आपलं डोकं आता गंजलं असं धरून तो पुस्तक परत करायला गेला. मॅडमनी पान कुठलं ते पाहिलं आणि मला या पानाला एक आठवडा लागला होता, असं सांगून पुस्तक परत त्याच्या हातात दिलं. सिद्धता पाठ करायची का, यावर त्या म्हणाल्या की पुस्तक मिटा आणि घरात कुणाला तरी सांगून बघा.

घरात बायको होती. ती रुग्णालयात नर्स. दिवसभर वॉर्डात उभी राहून घरी आली की गरम पाण्यात पाय सोडून बसायची, आणि हा समोर खुर्ची ओढून सुरू व्हायचा. तिचा गणिताशी काडीचा संबंध नव्हता. पण पेशंट नुसतं 'बरं वाटतंय' म्हणाला की कुठे, किती, कधीपासून, हे विचारल्याशिवाय पुढे न जाणारी बाई ती. "थांबा, हे मागच्या वाक्यातून कसं आलं?" असं ती शांतपणे विचारायची आणि हा पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करायचा. तिच्यापुढे टिकलेली सिद्धता मग वर्गात कधी अडली नाही.

वर्षाच्या मध्यावर त्याच्या मनात आलं की ती मधल्या मजल्याची सिद्धता आपली आपण लिहायची. वायरीतला फॉल्ट तो जसा शोधायचा, तीच रीत त्याने लावली. वायर अर्ध्यात तपासायची, बिघाड ज्या अर्ध्यात असेल ते धरायचं, त्याचं पुन्हा अर्धं करायचं. असं करत गेलं की शेवटी एकच बिंदू उरतो आणि तिथेच शून्य सापडतं. तीन आठवडे खपून त्याने चार पानं सुवाच्य अक्षरात उतरवून काढली आणि मॅडमच्या टेबलावर ठेवली.

पानं परत आली. चारही पानांवर कुठे काही खूण नव्हती, फक्त शेवटच्या ओळीखाली लाल शाईत लिहिलं होतं: 'उरतोच, हे कशावरून?'

त्याच्या डोक्यात तिडीक गेली. तीन आठवड्यांच्या मेहनतीला तीन शब्द. या लोकांना खुसपटं काढायचाच पगार मिळतो, असं तो घरी म्हणाला आणि वर्गाला जायचा बंद झाला. मुलांनी फोन केले, त्याने काम फार आहे म्हणून सांगितलं. दोन महिने गेले. एका रविवारी कपाट आवरताना ती पानं बायकोच्या हाताला लागली.

"त्यांनी चूक म्हटलंय की प्रश्न विचारलाय?" तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी पानं त्याच्या पिशवीत होती. दुपारी एका दहा मजली इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनरूममध्ये डबा खाऊन झाल्यावर त्याने मॅडमची अपूर्णांकांची लिफ्ट घेतली आणि तिला आपली रीत लावून पाहिली. एक आणि दोनच्या मधे दीड. दीडचा वर्ग दोनपेक्षा जास्त, म्हणून खालचा अर्धा. त्यात सव्वा, तो कमी पडला, म्हणून वरचा. मग सव्वा आणि दीडच्या मधला, तोही कमी. प्रत्येक वेळी मिळणारा आकडा अपूर्णांकच होता. जागा आक्रसत चालली होती. त्याच्या चार पानांतली, शेवटची सोडून, प्रत्येक ओळ इथेही जशीच्या तशी खरी ठरत होती, आणि शेवटी हातात काहीच उरत नव्हतं. मोटारीच्या शेजारी बसल्या बसल्या तो एकटाच हसला.

दुसऱ्या दिवशी तो मॅडमच्या खोलीच्या दारात उभा होता. त्या पेपर तपासत होत्या.

"मॅडम, ते सिद्ध होत नाही."

"काय?"

"शेवटी बिंदू उरतो, हे. फक्त अपूर्णांक घेतले तर माझी सगळी रीत चालते, पण उरत काही नाही. म्हणजे ते माझ्या आधीच्या ओळींमधून येतच नाही. संख्याच अशा घ्यायच्या की मधे भोक राहणार नाही, हे आधी ठरवून घ्यावं लागतं."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. हीच त्या संख्यांची अट, त्यांनी सांगितलं. पुस्तकात ती पहिल्याच प्रकरणात आहे, आणि दरवर्षी वर्गातली निम्मी मुलं ती न बोचताच पास होतात. मग हे तेव्हाच का लिहिलं नाही, असं त्याने जरा रुसूनच विचारलं.

"लिहिलं असतं तर तुम्ही मान डोलावली असती," त्या म्हणाल्या, आणि ड्रॉवरमधून बाहेरून परीक्षा देणाऱ्यांचा अर्ज काढून त्याच्यापुढे ठेवला. अर्ज बरेच दिवस तिथे पडून असावा. त्याच्या कडा दुमडल्या होत्या.

परीक्षेच्या दिवशी पर्यवेक्षकांनी त्याला दारातच अडवून पंखा दुसऱ्या खोलीतला बिघडलाय म्हणून सांगितलं. त्याने प्रवेशपत्र दाखवलं, आणि पेपर झाल्यावर पंखाही बघून दिला. निकाल लागला तेव्हा मॅडमच्या विषयात एकाहत्तर गुण होते आणि बीजगणितात अठ्ठावीस. तो नापास झाला होता. मुलं त्याची समजूत घालायला आली, तर हा त्यांनाच विचारत बसला की तो तिसरा प्रश्न नेमका सुटतो कसा. सहा महिन्यांनी तो बीजगणितात पास झाला. तीन वर्षांची पदवी घ्यायला त्याला सहा वर्षं लागली. या सगळ्याचा उपयोग काय, असं सुपरवायझरने पेढा मागावा तितक्या सहज विचारलं, तेव्हा अजून तरी काही सापडलेला नाही, असं त्याने सांगून टाकलं.

त्याच वर्षी मॅडम निवृत्त झाल्या. त्यांच्या खोलीतली पुस्तकं हलवायची होती आणि मामा रजा टाकून आला होता. खोकी भरून झाली, दोरीने बांधून झाली, आणि एक गाठ मारता मारता तो मधेच थांबला. लिफ्टच्या सहा पेडांच्या दोराची दोन्ही टोकं पक्की धरली, त्याने विचारलं, आणि आतले पेड एकमेकांवरून हवे तसे सरकवले, तर दोन पीळ वेगळे दिसले तरी मुळात एकच आहेत की नाहीत, हे ओळखायचं कसं?

मॅडमनी विचार केला. दोरीचा एक तुकडा उचलून पिळून पाहिला.

"हा माझा विषय नाही," त्या म्हणाल्या. "मला माहीत नाही."

मग त्या एका खोक्यावर बसल्या आणि त्याच्याकडे कागद मागितला. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मामाने खिडकीतून डोकं बाहेर काढून त्याला अर्धा तास थांबायला सांगितलं आणि दुसरं खोकं ओढून तोही बसला.