‘कागद नाही’ म्हणणारा प्रिंटर

चहाची कपबशी ओट्यावर टक् करून टेकली आणि पिपरी मेघे गावातल्या त्या घरातली तासाभराची शांतता मोडली. ज्योत्स्नाने ती जरा जोरातच ठेवली होती. मित्रांनो, मी समोरच्याच खोलीत होतो. शाळांचे, घरांचे मोठाले नकाशे छापणारा मी एक जुना प्रिंटर.

१९९८ साली ज्योत्स्नाच्या नवऱ्याने, अंकितने, मला नागपूरहून टेम्पोत गादीवर निजवून आणलं. नकाशे काढायचा तो, पण माझी भाषा कळली ज्योत्स्नाला. तान्ह्या लेकीला, मयुरीला, एका हाताने थोपटत ती माझा कागदाचा रोल बदलायची. छपाई सुरेख आली की लोक कौतुक करायचे अंकितचं. ती हसून शाई भरायची. मला मात्र तेव्हापासूनच राग यायचा.

२००४ चा दसरा झाला आणि दुसऱ्याच दिवशी मी आंधळा झालो. माझ्या पुढच्या अंगाला, मधोमध, नखाएवढी काच आहे. तिच्यामागचा सेन्सर म्हणजे माझा डोळा. तोच कागद ओळखतो. त्या सकाळी कागद समोर असून दिसेना. ‘कागद नाही, कागद नाही,’ मी पडद्यावर सांगत राहिलो. इकडे वडनेरच्या शाळेचा नकाशा दुपारच्या बसने जायचा होता.

“काऊन वं, रोल तिरपा लावला नं तू?” अंकित कडाडला.

“सरळच लावला. तुमी वाकून पाहा तर खरं.”

“पाहाचं काय त्यात? सारं ध्यान त्या पोरीत. आजपासून मशीनले हात नको लावजो!”

आणि माझ्या झाकणावर दोन थापडा! सहा वर्षं राबलेल्या माझ्या! पण मित्रांनो, त्या थापडांपेक्षा तिला बोललेलं मला जास्त झोंबलं. तो मेकॅनिक शोधायला तणतणत बाहेर गेला.

तासाभराने ती कपबशी ओट्यावर ठेवून ज्योत्स्ना आली ती पदर खोचूनच. “हात नको लावजो म्हणे! मंग नकाशा काय आपोआप निघन?”

तिने मला बंद करून पुन्हा सुरू केलं. कागदाची कड सरळ कापली. दुसरा रोल लावून पाहिला. माझं आपलं तेच.

“म्हणजे दोष कागदाचा नाई,” ती पुटपुटली. “मयुरी, टॉर्च आण बरं.”

उजेड पडला आणि काचेवर वाळलेला लाल ठिपका दिसला. खंडेनवमीला अंकितनेच माझी पूजा केली होती. दरवर्षी तो ओलं कुंकू झाकणावर लावायचा. यंदा ती काच त्याला माझं कपाळ वाटली!

तिने ओलसर कापसाने, बाळाचा डोळा पुसावा तशी, काच पुसली. मला दिसलं! कागद सरसर आत गेला आणि शाळेच्या भिंती उमटू लागल्या.

अंकित परतला तेव्हा तिने तो लाल कापूस पुढे धरला. त्याने पाहिला, नकाशा गुंडाळला. “चाललं नं? झालं मंग.” आणि निघाला. सकाळचा शब्द त्याने काही मागे घेतला नाही.

मित्रांनो, आम्हा यंत्रांची पूजा अवश्य करा. पण आम्ही काही सांगतो तेव्हा थापड उगारण्याआधी एकदा वाकून पाहा. घरातलं माणूस सांगतं तेव्हाही.

मयुरीने टॉर्च विझवला.

“आई, रोल तर सरळच होता. मंग आता बाबाले कोण रागावन?”