ज्याचं तोंड हलतं

आडवं.
लांब टेबलाच्या एका टोकाला डॉक्टर बोलतोय, दुसऱ्या टोकाला आई ऐकतेय. मुलगा गेल्याचं तिला आत्ता कळतंय. ही आई माझ्या सख्ख्या ताईने केलीय. अर्धं आयुष्य गर्दीत उभं राहून मिळालेली तिची पहिली मोठी भूमिका, आणि सिनेमाचं संकलन माझ्याकडे.

उभं.
आता सिनेमा मोबाइलवरच येणार. चित्र उभं कापायचं काम संगणक करतो आणि ज्याचं तोंड हलतं, त्याच्यामागे जातो. ताई नुसती ऐकत होती, म्हणून ती अख्ख्या प्रसंगातून कापली गेली.

"मी हाताने कापतो," मी निर्मात्याला म्हणालो.
"गप्प बसलेली बाई कोण बघणार? लोकांचा अंगठा लगेच सरकतो रे बाबा."
मग टाकाऊ चित्रणात त्याला ताईची दोन शॉटच्या मधली जांभई सापडली. "ही घाल! हंबरडा फोडल्यासारखी दिसतेय. वरून रडणं चिकटव."


तेच, पुन्हा उभं.
मी ताईला दाखवलं. म्हटलं, तू नको म्हण, मी भांडतो. तिने मोबाइल डोळ्यांजवळ नेला. पोटच्या पोराच्या मरणावर ती आ वासून जांभई देत होती.
"दात बरे दिसतात की रे माझे," ती म्हणाली. "राहू दे. नाहीतर मी कुठेच नाही त्यात."

तयार आवाजांतून मी कुठल्याशा बाईचं रडणं उचललं आणि चिकटवलं. ताईच्या तोंडात ते फिट्ट बसलं.