दिवसाला एक ठोका

खाली पत्र्याचं दुकान आणि वर राहतं घर असलं की माणसाच्या कानाचे पडदे जाडच व्हायला लागतात. या घरातली माणसं तर ठोक्यांवरच वाढलेली. बाप पत्रेवाला, त्याचाही बाप पत्रेवाला. बादल्या, नरसाळी, पन्हाळी, बेकरीचे ट्रे. सकाळी हातोडी उचलली की अंधार पडेस्तोवर ठणठण चालायची, आणि वर माणसं त्याच ठणठणाटात जेवायची, भांडायची, दुपारची झोपसुद्धा काढायची. बोलायचं तर ओरडूनच. थोरल्या पोरीचा आवाज तर असा की आजीने तिचं नावच पिपाणी ठेवलं होतं. साडेपाच वर्षांची ती चिमुरडी जिन्याच्या वरच्या पायरीवरून "बाबाऽऽ, चहाऽऽ!" अशी वाजली की शेजारचा किल्लीवाला आपल्या दुकानातून ओरडायचा, "मलाही अर्धा गं!"

आजी नातवंडांना मांडीवर घ्यायची आणि खालच्या ठोक्यांवर वर गाणं धरायची:

ठण ठण ठण गं, पत्रा झाला जागा,
जागा होऊन म्हणतो कसा, मला पाणी मागा.

मग आजीने अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, आराम हवा, शांतता हवी. पत्रेवाल्याने त्याच दिवशी हातोडी खुंटीला लावली. घरात 'हळू' नावाचा पाहुणा आला आणि मुक्कामच ठोकून बसला. हळू चाल, हळू बोल, दार हळू लाव, आजीला त्रास होईल. आजी मात्र पडल्या पडल्या कुरकुरायची. "काम का रे थांबवलंस? घर मुकं झालं. मला झोप लागत नाही."

"डॉक्टरांनी सांगितलंय, आई."

"डॉक्टरला काय ठाऊक मी कशावर झोपते ते!"

एके दिवशी संध्याकाळी धाकट्याचा चेंडू घरंगळत दुकानात गेला. पिपाणी तो आणायला धावली, भिंतीला टेकवून ठेवलेल्या पत्र्यांना तिचा धक्का लागला आणि सगळी चळत फरशीवर कोसळली. किल्लीवाला अनवाणी धावत आला. घरातली सगळी आजीच्या खाटेकडे पळाली. आजीने डोळे उघडले, "कोण गं, पिपाणी का?" म्हणाली, हसली, आणि डोळे पुन्हा मिटून घेतले. पोरीला कुणी रागावलं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आजी गेली, आणि त्या गडबडीत पत्र्यांचं कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

पोरांना सांगायचं कसं, यावर मोठी माणसं स्वयंपाकघरात कुजबुजत राहिली. शेवटी आत्याने दोघांना पोटाशी घेतलं. "आजी फार दमली होती ना बाळांनो, म्हणून आता ती झोपली. कायमची झोपली." धाकट्याने विचारलं, "उठल्यावर मला लाडू देईल?"

त्या दिवसापासून पिपाणीचा आवाज खाली बसला. कुजबुजायची. चपला हातात घेऊन जिना उतरायची. भांडं लागलं तरी दचकायची. आत्या आपल्या घरी परतताना कौतुकाने म्हणाली, "पोर कशी एकदम शहाणी झाली!" पत्रेवाल्यालाही तेव्हा ते बरंच वाटलं.

सगळं आटोपल्यावर त्याने दुकान उघडलं. पहिला ठोका पडला नाही तोच पिपाणी खाली आली आणि तिने त्याचं कोपर धरलं. "बाबा, नको ना."

आजीची आठवण येत असेल, म्हणून त्याने हातोडी ठेवली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. बेकरीवाला ट्रेसाठी खेपा घालू लागला. किल्लीवाला दारातून म्हणाला, "काय पत्रेवाले, दुकान आहे की वाचनालय? चपला बाहेर काढून यायचं का?"

"हसा तुम्ही."

"अहो, पोर शाळेत गेली की हाणून घ्या. तिला कोण सांगायला जातंय?"

पत्रेवाल्याला ते पटलं. पोरीची पाठ वळताच त्याने दणादण हात चालवला. दुपारी ती आली तेव्हा हातोडी खुंटीला होती, पण ट्रेंची उतरंड काही लपत नव्हती. पिपाणीने एका ट्रेच्या दुमडलेल्या कडेवरून बोट फिरवलं. दप्तर तिथेच टाकून ती वर गेली, तर बापही तिच्या मागोमाग निघाला.

वर आई धाकट्याला घेऊन जराशी लवंडली होती. पिपाणीने आईच्या नाकाखाली तळहात धरला आणि तशीच उभी राहिली. धाकटा जागा झाला. "ताईऽऽ!" तो किंचाळला तशी तिने त्याचं तोंड दाबलं. "ओरडू नकोस. आईपण मरेल. मी पत्रे पाडले म्हणून आजी मेली ना!"

पत्रेवाल्याने ते जिन्यातूनच ऐकलं.

संध्याकाळी त्याने तिला मांडीवर घेतलं. "अगं वेडाबाई, आवाजाने कुणी मरतं का? आजीला तर आवाज आवडायचा. ठोक म्हणायची मला."

पिपाणीने बापाकडे नीट पाहिलं. "मग तू बंद का केलंस?"

"डॉक्टर म्हणाले होते..."

"म्हणजे डॉक्टरांना माहीत होतं, आवाजाने होतं ते."

"तसं नाही गं. आजीचं हृदय थकलं होतं. म्हातारं झालं होतं."

"थकलं होतं, आणि मी मोठ्ठा आवाज केला."

बापाने दहा तऱ्हा केल्या. प्रत्येक तऱ्हेला पोरीकडे उत्तर होतं, आणि प्रत्येक उत्तर या घरानेच तिला पुरवलेलं. बायको हळूच म्हणाली, "खरं काय आणि खोटं काय, आपणच सगळं एका ताटात वाढलंय. आता ती निवडणार कशी?" मग तिने पदर खोचला आणि खाली दुकानाच्या दारात जाऊन उभी राहिली. "मारा एक ठोका. बघू दे तिला."

पिपाणी बापाच्या पायाला बिलगली. तिने डोळे घट्ट मिटले. त्याने ठोका मारला. पोरीदेखत मारलेला तो ठोका त्यालाच परका वाटला.

"बघ!" आईने हात पसरून गिरकी घेतली. "आहे की नाही मी? धडधाकट!" आणि ती हसली.

पिपाणीने डोळे उघडले. "आजीपण तेव्हा हसली होती," ती कुजबुजली. "सकाळी मेली."

आईचे पसरलेले हात तसेच राहिले, मग तिचे तिनेच खाली घेतले.

पहाटे पत्रेवाल्याला जाग आली तेव्हा पोर अंथरुणात उठून बसली होती. आधी तिने आईच्या नाकाखाली हात धरला. आई जागीच होती. पोरीला पोचावा म्हणून भात्यासारखा श्वास घेत पडली होती. मग धाकट्याची पाळी, मग बापाची. इवलासा तळहात घामाने गार पडला होता. पोटाशी ओढून घ्यावं असं त्याला फार वाटलं. पण हललो तर तिची मोजणी चुकेल, म्हणून तोही श्वास सोडत पडून राहिला.

"बघ, सगळे आहोत," तो उजाडल्यावर म्हणाला. "आता ठोकू ना?"

पिपाणीने एक बोट वर केलं. "एक."

"दोन तरी?"

"एकच. छोटा. मग उद्या बघायचं."

आता एका ठोक्यात काय होतं? ट्रेची एक कड वळवायची म्हटली तरी ठोक्यावर ठोका लागतो. पण पोरीने दिलं होतं ते एवढंच, आणि तेही जिवावर उदार होऊन दिलं होतं. नाही म्हणायला त्याचा जीव होईना, आणि जास्त मागायला तोंड नव्हतं.

बेकरीवाला दारात येऊन उभा राहिला. पायरीवर पोर बसली होती. किल्लीवाल्याने त्याला खांद्याला धरून आपल्या दुकानात नेलं. "या, चहा घेऊ. इथे आज वेळ लागेल."

पत्रेवाल्याने ट्रे आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला. एका ठोक्यात बसेल असं काही आहे का, ते तो कडेकडेने चाचपत राहिला. एक कोपरा जरासा वर आला होता. त्याने तो ऐरणीवर धरला आणि हातोडी उचलली.

"थांब हं," पिपाणी म्हणाली. "आई कुठेय बघून येते."

ती चपला हातात घेऊन जिना चढू लागली. खाली तो हातोडी उचललेलीच धरून उभा राहिला.